‘दहा एचपीचा ब्लोअर द्या’ म्हणजे नेमकं काय द्या?

माझ्या काकांचं कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, फॅब्रिकेशनचं शॉप आहे. सायक्लोन, डक्ट, टाक्या आणि मुख्य म्हणजे ब्लोअर. मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि मग बहुतेकांसारखा सॉफ्टवेअरमध्ये गेलो. त्यामुळे दिवाळीला घरी आलो की काकांचा एक ठरलेला टोमणा असतो, "इंजिनिअर हाय न्हवं? मग सांग की हा पंखा किती हवा टाकंल?"

दोन वर्षांपूर्वी मी हा टोमणा मनावर घेतला आणि त्यांच्यासाठी ब्लोअरची गणितं करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पायथॉनमध्ये, जेमतेम तीनशे ओळींचा. त्याच्यावर बेतलेला पहिला ब्लोअर एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत बसला आणि तीन आठवड्यांत त्याची मोटर जळली. हा लेख त्या प्रकरणाचा आहे. पण त्याआधी थोडं गणित लागेल. घाबरू नका, बारावीच्या पुढचं काही नाही.

गिऱ्हाईक एचपी मागतं, काम मात्र हवेचं असतं

कोल्हापूरच्या आसपास ब्लोअर सगळीकडे आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, साखर कारखान्यांचे बॉयलर, इचलकरंजीच्या सूतगिरण्या. जुन्या फौंड्रीत क्युपोला भट्टीला वारं घालायला ब्लोअर लागायचा, आणि तिथे एक सोपा ठोकताळा चालायचा: भट्टीच्या आतल्या छेदाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला साधारण १०० ते ११५ घनमीटर हवा. आता बऱ्याच ठिकाणी इंडक्शन फर्नेस आल्या, त्यांना वारं लागत नाही. पण धूळ ओढायला ब्लोअर लागतोच, आणि तिथे असा एका ओळीचा ठोकताळा चालत नाही.

आमचं काम होतं फेटलिंगचं. कास्टिंग साच्यातून काढलं की त्याच्या अंगावर वाळू चिकटलेली असते, कडांना जादा लोखंड असतं. ते ग्राइंडरने घासून काढतात. ठिणग्या दिसतात, पण काळजी करायची ती न दिसणाऱ्या गोष्टीची. वाळू म्हणजे सिलिका. घासताना तिचे काही मायक्रॉनचे कण हवेत जातात, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथेच राहतात. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे इथला ब्लोअर कमी पडला तर फक्त उकाडा होतो असं नाही.

या फौंड्रीत ग्राइंडिंगचे चार बूथ होते. मालकांची मागणी एका ओळीची: दहा एचपीचा ब्लोअर द्या, शेजारच्याकडे दहाचाच आहे.

नदीवरून शेताला पाणी आणणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. पंचगंगेवर पाच एचपीची मोटर बसवली, तर शेतात पाणी किती पडेल? उत्तर देण्याआधी कुणीही विचारेल: पाइप किती इंची, लांबी किती, चढ किती, वळणं किती? मोटर तीच ठेवून पाइप चारऐवजी अडीच इंची टाकला तर पाण्याची धार बारीक होते. हवेचंही असंच आहे. फरक एवढाच की पाणी कमी पडलं तर डोळ्यांना दिसतं, हवा कमी पडली तर दिसत नाही.

आधी हवा, मग डक्ट, मग दाब

गणित मागून पुढे चालतं. ब्लोअरपासून नाही, माणसापासून सुरुवात करायची.

प्रत्येक बूथचं तोंड ०.५ चौरस मीटर. धूळ बाहेर न येता आत ओढली जावी म्हणून तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला १ मीटर धरला. म्हणजे एका बूथला सेकंदाला ०.५ घनमीटर, चार बूथना २ घनमीटर. तासाला ७,२०० घनमीटर, किंवा उद्यमनगरच्या भाषेत साधारण ४,२०० सीएफएम.

आता डक्टचा व्यास. इथे पहिला मोह असतो मोठा डक्ट घेण्याचा, कारण मोठ्या डक्टमध्ये घर्षण कमी. पण या हवेबरोबर धूळ, वाळू आणि लोखंडाचा चुरा वाहून न्यायचा आहे. वेग कमी झाला की जड कण आडव्या डक्टमध्ये खाली बसतात. म्हणून अशा धुळीला सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेग ठेवतात. २ भागिले २० म्हणजे ०.१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३५५ मिमी व्यास.

मग येते हवेची घनता, आणि इथे कोल्हापूर मध्ये येतं. कॅटलॉगमध्ये आणि पुस्तकांत हवा १.२ किलो प्रति घनमीटर धरलेली असते. ती समुद्रसपाटीची, २० अंशांची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब ९५ हजार पास्कलच्या जवळपास असतो आणि शेडमध्ये तापमान सहज ३०-३५ अंश. हिशेब केला तर घनता येते साधारण १.०८. म्हणजे दहा टक्के हवा आधीच गायब!

हे दहा टक्के दोन ठिकाणी लागतात, आणि सारखे लागत नाहीत. पंखा जेवढा दाब तयार करतो तो घनतेच्या प्रमाणात असतो. डक्टमधला अडथळाही घनतेच्या प्रमाणात असतो. दोन्ही दहा टक्के घटले तर फिटंफाट, हवा तेवढीच वाहते. पण बॅग फिल्टरच्या कापडातून हवा इतकी हळू झिरपते की तिथला अडथळा घनतेवर नाही, हवेच्या चिकटपणावर ठरतो. आणि चिकटपणा उंचीने कमी होत नाही. म्हणजे पंखा दहा टक्के दमला, फिल्टर मात्र आपला दाब पूर्ण मागतो. म्हणून इथे २,१०० पास्कल हवे असतील तर १.२ घनतेच्या कॅटलॉगमध्ये २,३३० पास्कलचा पंखा बघायचा.

(साखर कारखान्यात याची उलटी गंमत असते. बॉयलरच्या आयडी फॅनमधून १५० अंशांचा धूर जातो, त्याची घनता ०.७८ च्या आसपास. सीझनच्या पहिल्या दिवशी तोच फॅन थंड हवेवर सुरू केला तर तो जवळजवळ ३८ टक्के जास्त शक्ती ओढतो. म्हणून डॅम्पर बंद ठेवून सुरू करायचा आणि हळूहळू उघडायचा.)

आता दाब. डक्टमधल्या हवेला तिच्या वेगामुळे एक दाब असतो, त्याला वेगदाब म्हणू: अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. आपल्याकडे ०.५ × १.०८ × ४०० = २१६ पास्कल. फॅब्रिकेशनवाले पास्कलमध्ये बोलत नाहीत, ते पाण्याच्या मिलिमीटरमध्ये बोलतात. एक मिमी म्हणजे ९.८१ पास्कल, म्हणून हे झाले २२ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डक्टमधला प्रत्येक अडथळा या वेगदाबाच्या पटीत मोजता येतो. हूडमध्ये हवा शिरताना ०.५ पट. सरळ डक्ट २५ मीटर, त्याचं घर्षण १.४ पट. मोठ्या त्रिज्येचे गोलसर बेंड चार, प्रत्येकी ०.३ प्रमाणे १.२ पट. शेवटी धुराड्यातून हवा बाहेर पडते ती आपला वेग घेऊनच जाते, तो १ पट. बेरीज ४.१. गुणिले २१६ म्हणजे ८८६ पास्कल. त्यात धूळ बसलेल्या बॅग फिल्टरचे १,२०० मिळवले की २,०८६. गोल आकड्यात २,१०० पास्कल.

शक्ती काढणं आता सोपं. हवा गुणिले दाब भागिले कार्यक्षमता: २ × २,१०० ÷ ०.७ = ६,००० वॅट. बेल्टचं नुकसान धरून ६.३ किलोवॅट. बाजारात त्याच्या वरची मोटर ७.५ किलोवॅटची, म्हणजेच दहा एचपी. प्रोग्रॅमने हे उत्तर दिलं तेव्हा काका माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही. "आरं, मग गिऱ्हाईक म्हणत हुतं त्येच की! एवढं कशाला उगाळलंस?"

इंपेलर

इंपेलरचा आकारही याच आकड्यांतून येतो. पंख्याचा दाब ठरतो तो पात्यांच्या टोकाच्या वेगावर. मागे वळलेल्या पात्यांच्या इंपेलरला दाब साधारण ‘अर्धा गुणिले घनता गुणिले टोकाच्या वेगाचा वर्ग’ एवढा मिळतो. त्यापुढे एक गुणांक असतो, या जातीला तो १ च्या आसपास. २,१०० पास्कलसाठी टोकाचा वेग आला सेकंदाला ६२.४ मीटर. मोटर १,४४० आरपीएमची. थेट जोडली तर इंपेलर ८३० मिमीचा लागतो. बेल्टने १,८०० वर नेला तर ६६० मिमीत भागतो. आम्ही ६६० घेतला. मोटरवर २०० मिमीची पुली, फॅनवर १६० ची.

मागे वळलेली पाती का, तर फॅन फिल्टरच्या पुढे, स्वच्छ हवेत बसणार होता. धूळ थेट फॅनमधून जाणार असेल तर सरळ, जाड पाती घ्यावी लागतात, ती लवकर झिजत नाहीत पण वीज जास्त खातात. पुढे वळलेल्या पात्यांचा फॅन लहान आणि स्वस्त असतो, पण त्याचा एक घातक स्वभाव आहे: डक्टमधला अडथळा कमी झाला, समजा कुणी झाकण उघडं ठेवलं, की हवा वाढते आणि मोटरवरचा लोडही वाढतच जातो. मागे वळलेल्या पात्यांत लोड एका मर्यादेनंतर स्वतःच थांबतो. म्हणजे आमचा फॅन मोटर जाळणाऱ्या जातीचा नव्हताच. हे मी काकांना फार आत्मविश्वासाने सांगितलं होतं.

जोडणीबद्दल थोडं, कारण गणित बरोबर असून जोडणीत फॅन बिघडल्याची उदाहरणं कुठल्याही शॉपमध्ये ऐकायला मिळतात. सगळ्यात पहिलं बॅलन्सिंग. औद्योगिक फॅनला जी-६.३ हा दर्जा चालतो. आमच्या ४० किलोच्या इंपेलरला १,८०० आरपीएमवर त्याचा अर्थ असा की ३०० मिमी त्रिज्येवर जास्तीत जास्त साडेचार ग्रॅम फरक चालेल. चाळीस किलोच्या लोखंडात एका रुपयाच्या नाण्याएवढा! समजा वेल्डिंगचा ५० ग्रॅमचा गोळा एका बाजूला राहिला, तर तो सेकंदाला तीस वेळा बेअरिंगला ५४ किलोचा हिसका देतो.

दुसरं, सक्शनचा कोन आणि इंपेलरचं तोंड यांच्यातली फट. ती मोठी राहिली की आत आलेली हवा केसिंगमधून पुन्हा मागे सक्शनला जाते, फॅन तीच हवा घुसळत बसतो. तिसरं, फिरण्याची दिशा. बऱ्याच जणांना वाटतं की फेज उलटी लागली तर ब्लोअर उलटी हवा ओढेल. घरातल्या एक्झॉस्ट फॅनचं तसं होतं. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने जाते, फक्त बरीच कमी जाते. त्यामुळे हात लावून बघणाऱ्याला शंकाही येत नाही. पहिल्यांदा मोटरला क्षणभर झटका देऊन शाफ्ट कुठल्या बाजूला वळतो ते डोळ्यांनी बघायचं, दुसरा उपाय नाही.

या तिन्ही गोष्टी काकांच्या मिस्त्रींनी चोख केल्या होत्या. त्यांना चाळीस वर्षांचा हात आहे.

चौथा बूथ

ब्लोअर बसला. पहिले दोन बूथ मस्त ओढत होते. तिसरा ठीक. चौथ्या बूथवरच्या माणसाने दुपारच्या सुट्टीत तोंडावरचा रुमाल सोडून दाखवला. आतून काळा. "पयल्यासारखंच हाय, दादा," एवढंच म्हणाला.

फौंड्रीच्या इलेक्ट्रिशियनने मोटरचा करंट बघितला. ११ ॲम्पिअर. मोटरची मर्यादा १४ च्या आसपास. त्याचा निष्कर्ष: मोटर आरामात चालतीय, फॅनलाच दम नाही. आम्हाला न विचारता त्यांनी मोटरवरची २०० ची पुली काढून २४० ची बसवली. फॅन १,८०० वरून २,१६० वर गेला. वीस टक्के वेग वाढला. हवा खरंच वाढली, चौथा बूथ ओढायला लागला, सगळे खूश.

इथे फॅनचे तीन नियम आठवा. वेग वाढवला की हवा त्याच प्रमाणात वाढते. दाब वर्गाच्या प्रमाणात. शक्ती घनाच्या प्रमाणात. १.२ चा घन १.७३. म्हणजे हवा वीस टक्के, वीज त्र्याहत्तर टक्के. मोटर १८ ॲम्पिअरच्या वर गेली. ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायला लागला. तेव्हा कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवलं. तिसऱ्या दिवशी वाइंडिंग जळलं. मोटर जळाली हे नशीबच म्हणायचं, कारण वेगाबरोबर इंपेलरच्या वेल्डिंगवरचा ताणही वर्गाने, म्हणजे ४४ टक्क्यांनी, वाढला होता. तो फुटला असता तर प्रकरण रिवाइंडिंगवर भागलं नसतं.

काकांचं पेमेंट अडकलं. मी शनिवारी पहाटेची एसटी पकडून पुण्याहून आलो. बरोबर एक पिटो नळी, पाणी भरलेली प्लॅस्टिकची यू-ट्यूब आणि हवेचा वेग मोजायचा पंखेवाला मीटर. मोटर रिवाइंड होऊन आली होती, मी जुनी पुली परत लावायला सांगितली आणि मोजायला बसलो.

मुख्य डक्टला दोन भोकं पाडून दोन्ही व्यासांवर दहा-दहा ठिकाणी वेगदाब घेतला, कारण मधोमध हवा जोरात असते आणि कडेला हळू. सरासरी निघाली १५ मिमी. यायला हवे होते २२. पंधरा मिमी म्हणजे १४७ पास्कल, त्यावरून वेग १६.५ मीटर, हवा १.६५ घनमीटर. मागणी २ ची. बूथच्या तोंडाशी वेग: १.०५, ०.९, ०.७५ आणि चौथ्याला ०.६. बेरीज ३.३, गुणिले ०.५ चौरस मीटर, पुन्हा १.६५. दोन वेगळ्या मार्गांनी एकच उत्तर आलं, म्हणजे मोजमाप बरोबर होतं. चौथ्या बूथच्या फांदीत वेग २० च्या जागी १२ होता. तिथे डक्टवर हातोडीने टकटक केलं तर आवाज भरल्या मडक्यासारखा बद्द आला. आत धूळ बसली होती. धूळ बसली की जागा कमी, अडथळा जास्त, हवा आणखी कमी, मग आणखी धूळ.

मग फॅनच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजला: २,२७० पास्कल. ठरवलेल्या २,१०० पेक्षा जास्त! म्हणजे फॅनला दम नाही हे साफ चूक होतं. फॅन जास्त जोर लावत होता आणि तरी हवा कमी जात होती.

हे विचित्र वाटतं, पण ब्लोअर समजून घ्यायचा तर हेच समजून घ्यायला हवं. प्रत्येक फॅनची एक रेघ असते: हवा कमी ओढली तर दाब जास्त, हवा जास्त ओढली तर दाब कमी. प्रत्येक डक्टची दुसरी रेघ असते: हवा दुप्पट करायची तर दाब चौपट लागतो. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, फॅन तिथेच चालतो. तुम्ही नेमप्लेटवर काय छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डक्ट बदलला की छेदबिंदू फॅनच्या रेघेवर सरकतो. आमचा सरकला होता: २ घनमीटर, २,१०० पास्कलवरून १.६५ घनमीटर, २,२७० पास्कलवर. आणि करंट कमी दिसत होता तो मोटर आरामात होती म्हणून नाही. हवा कमी उचलली जात होती म्हणून.

मान वर करून डक्ट बघितला तेव्हा कारण समोर होतं. डक्टचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे होतं. मधे क्रेनची गॅन्ट्री आली म्हणून त्याने वळसा घातला होता. चारचे सहा बेंड झाले होते, २५ मीटरचे ३२ झाले होते. आणि बेंड कसले, तर पत्र्याचे दोन तुकडे ४५ अंशांत कापून थेट काटकोनात जोडलेले. गोलसर बेंड वेगदाबाच्या ०.३ पट खातो, असा काटकोनी बेंड १.१ पट.

तिथेच एका पुठ्ठ्यावर बेरीज केली. हूड ०.५, घर्षण १.८, सहा बेंड ६.६, बाहेर पडताना १. एकूण ९.९ पट. गुणिले २१६, अधिक फिल्टर १,२००. म्हणजे या डक्टमधून २ घनमीटर हवा न्यायची तर ३,३४० पास्कल लागतात. आम्ही दिला होता २,१०० चा फॅन.

कंत्राटदारावर खापर फोडणं सोपं होतं. पण रात्री मी माझा प्रोग्रॅम उघडला. त्यात एक रकाना होता: बेंडची संख्या. बेंडचा प्रकार विचारणारा रकानाच नव्हता. गोलसर बेंडचे ०.३ मी आतच लिहून टाकले होते, आणि बाहेर दिलेल्या कागदावर कुठेही छापलं नव्हतं की हे गणित गोलसर बेंड धरून केलंय. त्या कंत्राटदाराला कळणार कसं? आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला लपलेलं गृहीतक म्हणतात. आमच्या कामात त्याने ॲप बंद पडतं. इथे एक माणूस तीन आठवडे वाळू श्वासात घेत होता.

दुरुस्ती

मालकांचं म्हणणं साधं होतं: पंधरा एचपीची मोटर टाका आणि विषय संपवा. तसं केलं असतं तर हवा आली असती. मी त्यांच्यापुढे दोन हिशेब ठेवले.

मोठी पुली ठेवून शाफ्टवर साधारण १० किलोवॅट लागतात. डक्ट सुधारला तर? जागा तीच, गॅन्ट्री तिथेच, म्हणून सहा बेंड आणि ३२ मीटर राहणारच. पण बेंड पाच तुकड्यांचे, गोलसर केले तर ६.६ चे १.८ होतात. एकूण ५.१ पट, म्हणजे १,१०० पास्कल, अधिक फिल्टर: २,३०० पास्कल. जुन्या फॅनवर छेदबिंदू येतो १.९३ घनमीटरवर. उरलेले साडेतीन टक्के वेगाने भरून काढायचे. त्याने शक्ती ११ टक्के वाढते, ६.९ किलोवॅट होते, जुन्या साडेसातच्या मोटरमध्ये बसते. दोन्हींत फरक ३.१ किलोवॅटचा, मोटरची कार्यक्षमता धरून मीटरवर साडेतीन. दोन शिफ्ट, वर्षाला ४,८०० तास, म्हणजे जवळजवळ १७ हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला सव्वा लाखाच्या वर. सहा बेंड बदलायला त्याच्या निम्मेही लागणार नव्हते.

मालकांनी दोनदा आकडे तपासले आणि म्हणाले, "बेंड करा."

बेंड काकांच्या शॉपमध्येच तयार झाले. चौथ्या बूथची फांदी उघडली तेव्हा तळाशी तीन बोटं जाडीची काळी वाळू निघाली. मोटरवर लेथवर काढलेली २०७ ची पुली बसवली, फॅन १,८६० वर गेला. प्रत्येक फांदीला सरकपट्टीचा छोटा डॅम्पर घातला, कारण हवा जवळच्या, सोप्या वाटेने जाते. पहिला बूथ थोडा आवळल्याशिवाय चौथ्याला वाटा मिळत नाही. तासभर आवळ-सैल केल्यावर चारही बूथ ०.९५ ते १.०५ च्या मध्ये आले. मुख्य डक्टवर २२ मिमी. करंट १३ च्या आसपास.

प्रोग्रॅम आता बेंडचा प्रकार विचारतो, उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही. गाव विचारतो, म्हणजे उंचीवरून घनता धरतो. आणि शेवटी निघणाऱ्या कागदावर आकड्यांच्या आधी मोठ्या अक्षरात छापतो: हे गणित कसल्या डक्टसाठी आहे. काका तो कागद कोटेशनला टाचणी लावून जोडतात. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक फोनवर ‘पाच एचपीचा ब्लोअर’ मागत होतं, तर काकांनी त्याला विचारलं, "बेंड किती हायत, आणि कसलं?"

त्या फौंड्रीत फिल्टरच्या दोन बाजूंना जोडलेली यू-ट्यूब भिंतीवर तशीच ठेवली आहे. १२० मिमीच्या खुणेला लाल रंग दिलाय. पाणी तिथे पोहोचलं की बॅगा झाडायच्या. खूण करायला चौथ्या बूथवरच्या त्याच माणसाला उभं केलं होतं. त्याने रंग जरा खाली, ११० लाच लावला. मी तो तसाच राहू दिला.